पोटोमॅकच्या कांठचा स्मरणमार्ग

थोर पुरुषाचें स्मारक करावयाचें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम पुतळा येतो. चौथरा, त्यावर ब्राँझची किंवा संगमरवराची मूर्ति, जयंतीच्या दिवशीं हार, आणि उरलेले तीनशें चौसष्ट दिवस धूळ व कबुतरें! फार झालें तर एखादें सभागृह, एखादा दवाखाना, किंवा शाळेला दिलेलें नांव. परंतु स्मारक म्हणून कोणी रस्ता बांधावा, तोही नदीच्या कांठाकांठानें वळणें घेत जाणारा, आणि त्यावरून मालाच्या गाड्या जाऊं नयेत असा निर्बंध घालून, ही कल्पना मला तरी नवी होती. गेल्या वर्षीं आमच्या चिरंजीवांकडे अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांत पांच महिने राहण्याचा योग आला, तेव्हां असा एक रस्ता मीं जवळून पाहिला. त्याचें नांव 'जॉर्ज वॉशिंग्टन मेमोरियल पार्कवे'. त्याची हकीकत वाचकांस सांगावी, आणि ती सांगतां सांगतां जो एक प्रश्न माझ्या मनांत घर करून बसला आहे तोही त्यांच्यापुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

'पार्कवे' ह्या शब्दाला आपल्याकडे रूढ प्रतिशब्द नाहीं. मी त्याला उद्यानमार्ग म्हणतों. ही कल्पना मोटारीबरोबर वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभीं न्यूयॉर्कच्या उत्तरेस ब्राँक्स नांवाच्या लहानशा नदीची दशा मोठी दीन झाली होती. गांवोगांवचें सांडपाणी आणि कारखान्यांची घाण मिळून तिचा नाला झाला होता. १९०७ सालीं तिच्या उद्धारासाठीं एक सरकारी मंडळ नेमण्यांत आलें. त्यानें तीरांवरची जमीन ताब्यांत घेतली, पात्र साफ केलें, झाडें लावलीं, आणि त्या हिरव्या पट्ट्यामधून एक रस्ता काढला. तो १९२५ मध्यें पुरा झाला. नदी रस्त्याच्या उपयोगी पडल्याचीं उदाहरणें पुष्कळ सांपडतील. येथें रस्ता नदीच्या उपयोगी पडला. उद्यानमार्गाचे नियमही अशाच कामांतून ठरत गेले. रस्त्याला लागून घर-दुकान नको. जाहिरातीचा फलक नको. आडवे येणारे रस्ते होतां होईल तों पुलावरून किंवा पुलाखालून न्यावे. वाटेंत टेकडी आली तर ती फोडण्याऐवजीं तिला वळसा घालावा. आणि मालमोटारींना मज्जाव असावा.

हें वळसा घालणें मज संस्कृताच्या जुन्या शिक्षकाला विशेष भावलें. मेघदूतांतील यक्ष विरहानें व्याकुळ झालेला असतो, निरोप लवकर पोंचावा ही त्याची तळमळ असते. तरीही तो मेघाला उज्जयिनी पाहण्यासाठीं मुद्दाम वांकडी वाट करावयास सांगतो. मार्ग म्हणजे दोन ठिकाणांमधील अंतर एवढेंच नव्हे, वाटेंत जें भेटतें तेंही मार्गाचेंच अंग होय, हें कालिदासानें जाणलें होतें. तेंच पोलाद आणि काँक्रीट यांच्याशीं झुंजणाऱ्या इंजिनियरांनाही उमगावें याचें मला कौतुक वाटलें. मीं तें चिरंजीवांना बोलून दाखविलें, तेव्हां गाडीच्या चाकावरील हात न काढतां ते म्हणाले, "खरें आहे नाना, पण मेघाला नऊ वाजतां कचेरींत हजर व्हावयाचें नव्हतें." विनोद सोडला तर त्यांच्या बोलण्यांत तथ्य होतें. सावकाश फिरण्यासाठीं आंखलेला हा रस्ता आतां राजधानींत नोकरीला जाणाऱ्या हजारों लोकांची रोजची वहिवाट झाला आहे.

आतां इतिहास. वॉशिंग्टनचें घर माउंट व्हर्नन हें त्याच्याच नांवाच्या राजधानीपासून दक्षिणेस सुमारें १५ मैलांवर, पोटोमॅक नदीच्या उंच तीरावर आहे. १७९९ च्या डिसेंबरांत तो वारला; पुढें अर्ध्या शतकांत घराला अवकळा आली. ना सरकारनें तें घेतलें, ना राज्यानें. शेवटीं ॲन पामेला कनिंगहॅम नांवाच्या, अंथरुणाला खिळल्यासारख्याच असलेल्या एका बाईनें १८५३ सालीं देशांतील स्त्रियांना हांक दिली. त्यांनीं मंडळ स्थापिलें, वर्गणी जमविली, आणि १८५८ मध्यें २ लाख डॉलरांना तें घर व भोंवतालची २०० एकर जमीन घेण्याचा करार केला. आजही तें घर त्याच महिलामंडळाच्या मालकीचें आहे. पुरुषांनीं राष्ट्र स्थापिल्याचा गाजावाजा होतो, पण राष्ट्रपित्याचें छप्पर गळूं लागलें तेव्हां तें शाकारण्यास बायकाच पुढें आल्या, ही गोष्ट आमच्या सूनबाईंनीं मला दोनदां ऐकविली, आणि मीं ती दोन्ही वेळां मुकाट्यानें मान्य केली.

घर वांचलें, तेथें जाण्याची वाट मात्र वाईटच होती. बहुतेक यात्रेकरू बोटीनें जात. १८८७ मध्यें ॲलेक्झांड्रिया गांवच्या कांहीं गृहस्थांनीं राजधानीपासून माउंट व्हर्ननपर्यंत राष्ट्रीय हमरस्ता व्हावा म्हणून एक संस्था काढली. लष्करी इंजिनियर पीटर हेन्स यांनीं पाहणी करून निरनिराळे मार्ग सुचविले. कागद फडताळांत गेले. १८९२ मध्यें विजेची ट्राम माउंट व्हर्ननला पोंचली आणि रस्त्याची निकड कमी झाली. १९०२ मध्यें राजधानीच्या सुधारणेची जी प्रसिद्ध मॅकमिलन योजना निघाली तींतही नदीकांठच्या मार्गाची शिफारस होती. तीही बराच काळ कागदावरच राहिली. अखेर १९३२ सालीं वॉशिंग्टनच्या जन्मास २०० वर्षें पुरीं होणार, ह्या निमित्तानें सर्वांस जाग आली. १९२८ मध्यें काँग्रेसनें कायदा केला, १९२९ मध्यें काम सुरू झालें, आणि द्विशताब्दीच्या वर्षीं रस्ता खुला झाला. त्याच वर्षीं ट्राम बंद पडली. तिचें माउंट व्हर्ननचें शेवटचें वळण नव्या रस्त्याच्या पोटांत गेलें.

काम थोडक्या काळांत झालें तरी निष्काळजीपणें झालें नाहीं. ब्राँक्स नदीच्या कांठीं अनुभव घेतलेले गिल्मोर क्लार्क आणि जे डाउनर हे दोघे सल्लागार होते. विमानांतून छायाचित्रें घेऊन मार्ग आंखण्यांत आला. जेथें कांठ दलदलीचा होता तेथें नदीच्या तळांतील वाळू व गाळ यंत्रानें उपसून भर घालण्यांत आली. पूल काँक्रीटचेच, परंतु त्यांवर दगडी चिरे बसविलेले आणि कमानी जुन्या वळणाच्या, त्यामुळें ते पाहणाऱ्याला शंभर वर्षें आधींचे वाटावे असे. हजारों झाडें व झुडुपें लावलीं गेलीं. हा पहिला भाग माउंट व्हर्ननपासून आर्लिंग्टनच्या स्मारकपुलापर्यंतचा. तो पुरा होण्यापूर्वींच, १९३० मध्यें, कॅपर-क्रॅमटन कायदा होऊन मोठी योजना ठरली: पोटोमॅकच्या दोन्ही तीरांनीं ग्रेट फॉल्स येथील धबधब्यापर्यंत उद्यानमार्ग न्यावा. १९३३ पासून ही सर्व व्यवस्था राष्ट्रीय उद्यानखात्याकडे आली.

ग्रेट फॉल्सच कां, असें कोणी विचारील. वॉशिंग्टनची पोटोमॅकवर मोठी आशा होती. ह्या नदीच्या वाटेनें पश्चिमेकडचा व्यापार समुद्राला मिळेल आणि त्यायोगें नव्या राष्ट्राचे पूर्वपश्चिम भाग जोडले जातील, असें त्याला वाटे. त्यासाठीं १७८५ मध्यें निघालेल्या पोटोमॅक कंपनीचा तो पहिला अध्यक्ष होता. धबधब्याला बगल देणारा कालवा १८०२ मध्यें, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, पुरा झाला. पण कंपनी पुढें बुडाली. म्हणून एका टोंकाला त्याचें घर व दुसऱ्या टोंकाला त्याचें अपुरें राहिलेलें स्वप्न, अशी ही रस्त्याची योजना होती.

वाचकांना आतां ह्या वाटेनें नेतों. माउंट व्हर्ननहून उत्तरेस निघालें म्हणजे नदी सबंध वाटभर उजव्या हाताला राहते. नर्मदेची परिक्रमा करणारेही नदी उजवीकडे ठेवूनच चालतात; तेव्हां आपल्या मनाला ही दिशा बरी वाटते. प्रथम दाट झाडी, तिच्यामधून मध्येंच उघडा पडणारा पाण्याचा रुंद पट्टा. येथें पोटोमॅक एक मैलाच्या आसपास रुंद आहे आणि समुद्राची भरती-ओहोटी तिला जाणवते. राजधानीच्या वरच्या अंगाला लिटल फॉल्सपर्यंत भरती चढते. डावीकडे फोर्ट हंट लागतें. आज तेथें लोक वनभोजनाला जातात. दुसऱ्या महायुद्धांत मात्र तेथें जर्मन युद्धकैद्यांची गुप्त चौकशी चाले, आणि त्या ठाण्याला नांव नव्हतें, टपालपेटीचा क्रमांक होता, ११४२. तेथें काम केलेल्यांनीं साठ वर्षें तोंडाला कुलूप घातलें होतें. २००७ मध्यें त्यांचा जाहीर सत्कार झाला.

पुढें डाइक मार्श ही गोड्या पाण्याची दलदल लागते. बोरू आणि पाणकणसें यांचें तें रान आहे. बगळे, बदकें, मासेमार गरुड यांचें माहेरघर. येथून वाळू व खडी काढण्याचा धंदा वर्षानुवर्षें चालला होता. १९५९ मध्यें काँग्रेसनें कायदा करून ही दलदल उद्यानमार्गांत घेतली, तरी उपसा थांबावयास १९७२ साल उजाडलें. तोंपर्यंत तिचा मोठा भाग नाहींसा झाला होता. रस्त्याच्या कडेनें माउंट व्हर्ननपासून रूझवेल्ट बेटापर्यंत १८ मैलांची पायवाट आहे. ती सायकलवाल्यांचीही आहे. मी रोज सकाळीं तिच्यावरून दोन मैल जाऊन येत असें. पाठीमागून घंटी वाजली कीं डावीकडून सायकल जाणार, हें मला दोन दिवसांत कळलें. वाटेंत भेटणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य नमस्कार घालतो, हें पचावयास मात्र आठवडा लागला.

मग ॲलेक्झांड्रिया. येथें उद्यानमार्ग गांवांत शिरतो आणि वॉशिंग्टन स्ट्रीट ह्या मुख्य रस्त्याचें रूप घेतो. गांवाला बगल न देतां मधून जाण्याचें कारण, हें वॉशिंग्टनचें रोजच्या जाण्यायेण्याचें गांव. त्याची प्रार्थनेची जागाही येथेंच आहे. १९२९ मध्यें गांवानें सरकारशीं करार केला कीं, ह्या रस्त्यावरील बांधकाम स्मारकाच्या मर्यादेला शोभेल असेंच होऊं देऊं. करार करणें सोपें, पाळणें कठीण. पेट्रोलपंप आणि दुकानें येऊं लागलीं, तेव्हां १९४६ मध्यें गांवानें जुन्या वस्तीच्या संरक्षणाचा कायदा केला. ऐतिहासिक भाग राखण्याचे अमेरिकेंतील अगदीं पहिले जे दोन-तीन कायदे, त्यांत ह्याची गणना होते.

ह्याच गांवाच्या वेशीवर, वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दक्षिण टोंकाला, मला तो प्रश्न भेटला.

एका रविवारीं आम्ही सर्व माउंट व्हर्नन पाहून परत येत होतों. आमचा नातू बारा वर्षांचा. घर, बाग, वॉशिंग्टनची समाधि हें सर्व पाहून झाल्यावर त्यानें समाधीजवळचें दुसरें स्थान पाहिलें होतें. तेथें ह्या वाडीवरील गुलामांना पुरीत असत. १९२९ मध्यें महिलामंडळानें तेथें एक शिळा बसविली, आणि १९८३ मध्यें हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं आंखलेलें स्मारक उभें राहिलें. १७९९ सालीं माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकीं १२३ वॉशिंग्टनचे स्वतःचे. बाकीचे बहुतेक त्याच्या पत्नीच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटींतले. आपल्या मालकीच्या गुलामांना, पत्नीच्या पश्चात् मुक्त करावें, असें त्यानें मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें. तिनें १८०१ च्या जानेवारींतच त्यांना मोकळें केलें. इतरांवर कायद्यानें तिचाही हक्क नव्हता. ते गुलामच राहिले, आणि कित्येक कुटुंबांतील नवरा सुटला व बायकामुलें अडकलीं, असें झालें. हें सर्व तेथें उघडपणें सांगतात.

गाडींत बसल्यावर नातवानें विचारलें, "आजोबा, इतक्या माणसांना गुलाम ठेवणाऱ्याच्या नांवानें एवढा सुंदर रस्ता कशाला?"

छत्तीस वर्षें मीं मुलांच्या प्रश्नांना उत्तरें दिलीं. राज्य हातीं असतां तें दोनदां सोडून घरीं परतणारा पुरुष इतिहासांत विरळा, एकदां सेनापति असतांना आणि एकदां राष्ट्राध्यक्ष असतांना त्यानें तें केलें, हें मीं त्याला सांगितलें. तें खरें होतें. पण त्याच्या प्रश्नाचें तें उत्तर नव्हतें, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसलें. तेवढ्यांत हंटिंग क्रीकचा पूल ओलांडून आम्ही गांवाच्या तोंडाशीं आलों. डाव्या हाताला एक लहानसें, कुंपण घातलेलें हिरवळीचें मैदान होतें. सूनबाईंनीं गाडी थांबवावयास लावली.

तें एक कबरस्तान आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध चालूं असतां दक्षिणेंतील हजारों गुलाम मालकांना सोडून, उत्तरेच्या सैन्यानें घेतलेल्या ह्या गांवांत पळून आले. उपासमार, देवी, थंडी यांनीं त्यांतील पुष्कळ मेले. त्यांच्यासाठीं १८६४ मध्यें ही जागा सरकारनें घेतली, आणि १८६९ पर्यंत येथें सतराशेंहून अधिक माणसें पुरलीं गेलीं. त्यांत लहान मुलांचा भरणा फार. मग जागेकडे दुर्लक्ष झालें. लांकडी पाट्या कुजून गेल्या. १९३२ मध्यें राष्ट्रपित्याच्या स्मरणार्थ बांधलेला मार्ग ह्या कबरींच्या कडेनें गेला. आणि १९५५ मध्यें त्या जागेवरच पेट्रोलपंप व कचेऱ्यांची इमारत उभी राहिली. स्मरणमार्गावरून जाणारे लोक तेथें गाडींत पेट्रोल भरीत, आणि पायाखालीं काय आहे हें त्यांना ठाऊक नसे.

पुढें १९८७ पासून जुन्या कागदपत्रांचा शोध लागत गेला. त्या काळच्या अधिकाऱ्यानें ठेवलेली दफनांची नोंदवही शिल्लक होती. नांव, वय, मृत्यूची तारीख, अशी एकेक ओळ. त्या वहीनें सर्व कांहीं परत मिळवून दिलें. गांवानें जागा विकत घेतली, पंप आणि इमारत पाडली, आणि २०१४ मध्यें तेथें स्मारकाचें उद्घाटन केलें. धातूच्या पत्र्यांवर तीं नांवें कोरलेलीं आहेत. पुष्कळ नांवांपुढें वय महिन्यांत आहे. माझा नातू एकेक नांव वाचीत पुढें चालला होता. पंधरा-वीस नांवें झाल्यावर तो मोठ्यानें वाचावयाचा थांबला आणि मनांत वाचूं लागला. त्यानें मला पुन्हां प्रश्न विचारला नाहीं.

मला मात्र त्या दिवसापासून हा रस्ता निराळा दिसूं लागला. स्मारक उघडण्याचा समारंभ झाला म्हणजे स्मरणाचें काम संपलें, अशी आपली समजूत असते. पुतळ्याच्या बाबतींत ती खपूनही जाते, कारण पुतळ्याला वाढ नाहीं. रस्त्याचें तसें नाहीं. त्याला कड असते, आणि कडेला जागा असते. जें आधींच्या पिढीनें वगळलें तें पुढच्या पिढीला तेथें मांडतां येतें, मात्र ती जागा आधीं कोणीं विकून टाकलेली नसली पाहिजे. आणि विकली असली तरी वही शिल्लक असली पाहिजे.

उरलेली वाट लवकर सांगतों. ॲलेक्झांड्रियानंतर १९४१ मध्यें उघडलेला विमानतळ लागतो. त्याच्या उत्तरेस ग्रॅव्हली पॉइंटच्या गवतावर लोक मुलेंबाळें घेऊन बसतात आणि डोक्यावरून जाणारीं विमानें पाहतात. मग कोलंबिया बेट. हें बेट नदीच्या गाळानें घडविलेलें. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनीं राजधानी फुलांनीं सजविण्याचा ध्यास घेतला होता. १९६८ मध्यें बेटावरील उद्यानाला त्यांचें नांव मिळालें. वसंतांत येथें पिवळ्या डॅफोडिल फुलांचे ताटवेच्या ताटवे फुलतात, आणि पाण्यापलीकडे राजधानीचीं शुभ्र शिल्पें दिसतात. त्यापुढें रूझवेल्टचें अरण्यमय बेट. तेथून रस्ता चढूं लागतो. नदी खालीं खोल दरींत जाते, कांठाला कडे येतात. हा उत्तरभाग महायुद्धामुळें रखडला. १९५९ मध्यें तो लँगली येथील गुप्तहेरखात्याच्या नियोजित कचेरीपर्यंत गेला, आणि १९६२ मध्यें राजधानीभोंवतालच्या वर्तुळमार्गाला मिळाला. तेथेंच तो संपला. एकंदर लांबी सुमारें २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. ग्रेट फॉल्स अद्याप कांहीं मैल पुढेंच आहे. जमिनीच्या किंमती भडकल्या, घरें उठलीं, पैसा आटला. आणि वॉशिंग्टनच्या स्वप्नाप्रमाणेंच त्याचा मार्गही अपुरा राहिला.

पलीकडच्या मेरीलँडच्या तीरावर थोडाच भाग झाला. १९८९ मध्यें त्याला अमेरिकेंतील रेडक्रॉसची संस्थापिका क्लारा बार्टन हिचें नांव देण्यांत आलें. तिचें अखेरच्या दिवसांतलें घर त्या रस्त्याच्या कडेलाच आहे. त्याच तीरावर एक जुना कालवा आहे, चेसापीक आणि ओहायो नांवाचा. वापरांतून गेलेल्या ह्या कालव्याच्या मार्गानें दूर कंबरलंडपर्यंत मोटाररस्ता न्यावा असा घाट १९५० च्या सुमारास घातला गेला, आणि राजधानीच्या एका मोठ्या वर्तमानपत्रानें त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं संपादकांना जाहीर आव्हान दिलें: माझ्याबरोबर तो मार्ग पायीं चालून पाहा, मग लिहा. १९५४ च्या मार्चमध्यें संपादक खरोखरच निघाले. जवळजवळ १८५ मैलांची ती वाट. न्यायमूर्ति धरून नऊ जणांनीं ती शेवटपर्यंत पायीं पुरी केली. वर्तमानपत्रानें आपलें मत बदललें, रस्ता झाला नाहीं, आणि १९७१ मध्यें कालवा राष्ट्रीय उद्यान झाला. नदीकांठीं रस्ता कसा करावा हें एका तीरानें शिकविलें, आणि कोठें करूं नये हें दुसऱ्यानें.

जुन्या रस्त्यालाही वार्धक्य आलें आहे. २०१९ मध्यें उत्तरभागांत जमीन खचून मोठा खड्डा पडला. २०२२ मध्यें त्या भागाच्या व्यापक दुरुस्तीला हात घालण्यांत आला. दगडी कठडे उतरवून पुन्हां त्याच धाटणीनें बसविणें हें काम नवें बांधण्याहून जिकिरीचें असतें. आपण ज्याला परंपरा राखणें म्हणतों, तें बहुतेक असेंच नीरस, खर्चाचें आणि वाहतूक अडवून ठेवणारें काम असतें.

ह्या सर्वाशीं आपल्या घराचा काय संबंध, असें वाचक म्हणतील. माझ्यापुरता झाला तो सांगून लेखणी ठेवतों.

आमच्या घरीं एक वंशावळ आहे. पणजोबांनीं मोडींत लिहिलेली, वडिलांनीं बाळबोधींत उतरविलेली. तींत आठ पिढ्यांच्या पुरुषांचीं नांवें आहेत. कोणी कोणत्या गांवीं वृत्ति केली, कोणी काशीयात्रा केली, सर्व आहे. बायका नाहींत. जेथें दुसरेपणाचा विवाह झाला तेथें 'द्वितीय संबंध' एवढा शब्द आहे. ती कोण, कोणाची, हें नाहीं. त्या पत्र्यांवरील महिन्या-दोन महिन्यांच्या मुलांचीं नांवें वाचल्यावर ही वंशावळ माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तेथूनच मीं घरीं वडील बंधूंना फोन केला. आमच्या आत्याबाई एक्याण्णव वर्षांच्या आहेत, स्मरण अद्याप चांगलें आहे. पुतण्याला सांगितलें, रोज दुपारीं त्यांच्यापाशीं वही घेऊन बैस, आणि आठवतील तितक्या बायकांचीं माहेरचीं नांवें, सासरचीं नांवें, गांवें लिहून घे. लग्नांत नांव बदललें म्हणजे तीं माणसें एकदां पुसलीं जात, आणि वंशावळींत न आल्यानें दुसऱ्यांदां.

मी परत आलों तोंपर्यंत तेवीस नांवें जमलीं होतीं. त्यांत एक आमच्या आजोबांची बालविधवा चुलत बहीण. तिनें ह्या घरांत चाळीस वर्षें स्वयंपाक केला, आणि सर्वजण तिला नुसतें 'सोवळ्यांतली ताई' म्हणत. तिचें नांव यमुना होतें. आत्याबाईंना तें तीन दिवस आठवत नव्हतें; चौथ्या दिवशीं पहांटे त्यांनीं पुतण्याला हांक मारून उठविलें आणि सांगितलें.

सात जागा अद्याप रिकाम्या आहेत. त्या भरूं शकेल असें आत्याबाईंखेरीज कोणी नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें वृद्ध मनुष्य असेल त्यांनीं आजच वही काढावी. पूर्वजांच्या थोरवीला त्यानें उणेपणा येत नाहीं. माउंट व्हर्ननला वॉशिंग्टनच्या समाधीवर फुलें वाहिलेलीं मीं पाहिलीं, आणि कांहीं पावलांवर त्या दुसऱ्या स्थानींही फुलें वाहिलेलीं पाहिलीं. दोन्हीकडे तींच माणसें फुलें घेऊन जात होतीं.